ओव्हनचा तापमान सेन्सर बिघडलाय? आधी मोजा, मग बदला

ओव्हनच्या पडद्यावर अचानक एरर कोड येतो, बीप थांबत नाही आणि ओव्हन तापायचं नाव घेत नाही. किंवा कोड येतच नाही, पण १८० अंशांवर ठेवलेला पदार्थ रोजच्या वेळेत होत नाही, नाहीतर अर्ध्या वेळेतच करपतो. कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला: सेन्सर बदला. मग सेन्सर मागवला जातो, बसवला जातो आणि पहिल्याच वापरात तोच कोड पुन्हा हजर.

याचं कारण सरळ आहे. सेन्सर, त्याची वायर, मधला कनेक्टर आणि कंट्रोल बोर्ड (ओव्हन चालवणारं सर्किट) या चौघांपैकी कुणीही बिघडलं तरी पडद्यावर तक्रार एकच दिसते: 'सेन्सरमध्ये बिघाड'. नेमकं कोण बिघडलं हे मल्टीमीटर, म्हणजे विजेची मोजमापं घेणारं छोटं यंत्र, त्यावरचा आकडा सांगतो. तो आकडा कसा मिळवायचा आणि मिळाल्यावर काय समजायचं, हे मल्टीमीटर पहिल्यांदाच हातात धरणाऱ्यालाही जमावं अशा बेताने खाली लिहिलं आहे.

दोन गोष्टी आधीच. मायक्रोवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह असलेला कॉम्बी ओव्हन असेल तर तो उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यानंतरही विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. आणि ओव्हन गॅसवर चालणारा असेल तर खालची मोजमापं फक्त त्याच्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरपुरती आहेत. गॅसची नळी, व्हॉल्व्ह, बर्नर यांना हात लावायचा नाही. वॉरंटी चालू असेल तरीही स्क्रू काढण्याआधी अटी वाचून घ्या.

१. तुमच्या ओव्हनमध्ये काय बसवलंय ते ओळखा

तापमान ओळखण्याचे चार प्रकार घरगुती ओव्हनमध्ये भेटतात आणि चारही वेगवेगळ्या पद्धतीने तपासावे लागतात. ही पायरी ओलांडून थेट मीटर लावलं की चांगला भाग 'खराब' ठरतो.

नॉब फिरवून तापमान ठरवायचं आणि पडदाच नाही, अशा साध्या ओव्हनमध्ये बहुधा कॅपिलरी थर्मोस्टॅट असतो. आतल्या भिंतीवर क्लिपांमध्ये अडकवलेला धातूचा लांबट बल्ब दिसेल आणि त्यातून केसासारखी बारीक धातूची नळी नॉबच्या मागे गेलेली असेल. बल्बमधलं द्रव तापून प्रसरण पावतं, नॉबमागच्या लवचीक चकतीवर दाब देतं आणि स्विच उघडतो. इथे मोजण्यासारखा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) नाहीच. नळी दुमडली किंवा द्रव गळलं तर अख्खा थर्मोस्टॅट बदलावा लागतो. टेबलावर ठेवायच्या छोट्या ओव्हनमध्ये कधीकधी याहून साधा, दोन धातूंच्या पट्टीचा थर्मोस्टॅट असतो. त्याच्यासाठीही हा लेख उपयोगाचा नाही.

पडदा असलेल्या बहुतेक ओव्हनमध्ये प्लॅटिनमचा रोध-सेन्सर असतो. पेन्सिलीपेक्षा बारीक अशी स्टीलची नळी, तिच्या मागे छोटी पट्टी, पट्टीला एक किंवा दोन स्क्रू. बहुधा मागच्या भिंतीच्या वरच्या भागात, कोपऱ्याजवळ. तापमान वाढलं की याचा रोध वाढतो. यातला सर्वांत जास्त भेटणारा प्रकार म्हणजे पीटी-१०००, म्हणजे ० अंश सेल्सिअसला बरोबर १,००० ओहम. काही ओव्हनमध्ये पीटी-५०० असतो, त्याचे सगळे आकडे निम्मे.

तिसरा प्रकार एनटीसी थर्मिस्टर. हा उलट वागतो, तापला की रोध कमी होतो. चौथा थर्मोकपल. त्याचा रोध मोजून तापमान कळत नाही, कारण तो स्वतःच काही मिलिव्होल्ट तयार करतो. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये १०० अंशांच्या फरकाला साधारण ४.१ मिलिव्होल्ट. शिवाय त्याला अधिक-उणे असतं, वायरी उलट जोडल्या तर ओव्हन तापत असताना वाचन खाली जातं. प्लॅटिनम सेन्सरला ही भानगड नाही, दोन वायरींपैकी कोणतीही कुठेही चालते.

पुढचं सगळं मुख्यतः पीटी-१०००बद्दल आहे. जिथे बाकीचे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

२. लक्षणं कोणत्या दिशेला बोट दाखवतात ते बघा

एरर कोडचे अर्थ कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतात. एका ओव्हनमधला 'एफ-३' सेन्सरचा असेल, दुसऱ्यात तोच कोड भलत्याच गोष्टीचा. त्यामुळे कोडचा अर्थ फक्त तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतून घ्या. साधारणपणे बोर्ड दोनच टोकं ओळखतो: सेन्सरचं सर्किट तुटलंय (रोध अनंत), किंवा शॉर्ट झालंय (रोध जवळजवळ शून्य). या दोन्हींच्या मधला कुठलाही चुकीचा आकडा बोर्डाला खराच वाटतो. म्हणून कोड न येताही सेन्सर बिघडलेला असू शकतो, आणि हाच बिघाड पकडायला जास्त त्रासदायक.

इथे एक गोष्ट पक्की समजून घेतली की निम्मं काम झालं. प्लॅटिनम सेन्सरमध्ये जास्त रोध म्हणजे जास्त तापमान. समजा कनेक्टर गंजला आणि वाटेत ४० ओहमांची भर पडली. तापमानात एक अंशाचा फरक पडला की पीटी-१०००चा रोध साधारण ३.८ ओहमांनी बदलतो, म्हणजे बोर्डाला ओव्हन आहे त्यापेक्षा दहाएक अंश जास्त तापल्यासारखा दिसणार. तो हीटर लवकर बंद करणार आणि पदार्थ कच्चा राहणार. उलट, वायरीचं आवरण जळून किंवा ओलावा शिरून विजेला आडवाट मिळाली तर एकूण रोध घटतो, बोर्डाला ओव्हन थंड वाटतो आणि तो तापवतच राहतो. थोडक्यात:

- ओव्हन कमी तापतो: रोध वाढलाय, बहुधा कनेक्टर, सैल जोड किंवा गंज.
- ओव्हन जास्त तापतो: रोध घटलाय, बहुधा आवरण खराब, ओलावा किंवा वायर धातूला टेकलेली.
- कोड फक्त ओव्हन तापल्यावर येतो, थंड झाल्यावर जातो: प्रसरणाने उघडणारी बारीक चीर किंवा सैल जोड.

एनटीसी असेल तर पहिल्या दोन ओळी उलट वाचा.

आणखी एक फरक आत्ताच लक्षात ठेवा. ओव्हन बंद केल्यावरही हीटर तापत राहत असेल तर तो सेन्सरचा दोष नव्हे. बोर्डावरचा रिले (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) बहुधा चिकटलेला असतो. अशा वेळी ताबडतोब मेन बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत चालू करू नका.

३. स्क्रू न काढता होणाऱ्या तपासण्या

कोड असेल तर आधी पाच मिनिटं वीज पूर्ण बंद ठेवून पुन्हा चालू करा. कोड लगेच परत आला तर बिघाड कायमचा आहे. तापल्यावर आला तर किती अंशांना आला ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कोड नसेल आणि फक्त तापमानाची तक्रार असेल, तर ओव्हनसाठीचा वेगळा थर्मामीटर मधल्या जाळीवर, बरोबर मध्यभागी ठेवा. १८० अंशांवर लावा. 'तापला' अशी सूचना आल्यावर लगेच वाचू नका, अजून वीसेक मिनिटं जाऊ द्या. मग दरवाजा न उघडता, काचेतूनच, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा टिपा. हीटर चालू-बंद होताना तापमान १०-१५ अंश वर-खाली होणं सामान्य आहे. तुम्हाला हवी आहे ती तीन-चार फेऱ्यांची सरासरी. एकदा डोकावून '१९५ दिसलं, सेन्सर गेला' असा निकाल देणारे बरेच असतात, आणि ते बहुतेकदा चुकतात.

सरासरी खरोखरच २० अंशांहून जास्त चुकत असेल तरी आधी ही यादी संपवा:

- दरवाजाची कडा सील करणारी पट्टी फाटलीय, कडक झालीय किंवा एखाद्या कोपऱ्यात निघालीय का?
- ट्रे, जाळी किंवा ॲल्युमिनियम फॉइल सेन्सरच्या नळीला टेकतंय का? नळी हवेत मोकळी असायला हवी, भिंतीला टेकलेलीही नको.
- नळीवर जळकट थर साचलाय का? थंड असताना मऊ ओल्या कापडाने पुसा. रसायनाचा फवारा थेट तिथे मारू नका, तो नळीच्या मुळाशी मुरतो.
- हीटर सगळे तापतात का, पंखा फिरतो का? एक हीटर गेला असेल तर ओव्हन तापायला फार वेळ घेतो आणि दोष सेन्सरवर ढकलला जातो.
- सेटिंगमध्ये तापमानाची दुरुस्ती (काही अंश मुद्दाम वाढवणं किंवा घटवणं) आधीच कुणी घालून ठेवलीय का?

शेवटचा मुद्दा लोक सर्रास विसरतात. आधीच्या वापरणाऱ्याने २० अंशांची दुरुस्ती घातली असेल तर तुम्ही भुताच्या मागे धावताय.

४. हाताशी काय लागेल

- डिजिटल मल्टीमीटर, ज्याला २,००० ओहमांची रेंज आहे किंवा जो रेंज आपोआप निवडतो
- तुमच्या स्क्रूंना बसणारे स्क्रूड्रायव्हर (फुलीच्या आणि ताऱ्याच्या आकाराचे, दोन्ही जवळ असू द्या)
- जाड हातमोजे. आतले पत्रे ब्लेडसारखे कापतात
- मास्क, कारण भिंतीमागे काचेच्या किंवा खनिज तंतूंची लोकर भरलेली असते
- टॉर्च, मजबूत दोरा, कपडे वाळत घालायचा चिमटा
- फोनचा कॅमेरा. काहीही सुटं करण्याआधी फोटो
- कागद-पेन

पूर्ण मॉडेल क्रमांकही आत्ताच टिपून घ्या. तो बहुधा दरवाजा उघडल्यावर चौकटीच्या कडेला किंवा खालच्या कप्प्यामागच्या पट्टीवर असतो. पट्टीवरची सगळी अक्षरं आणि शेवटचे तिरक्या रेषेनंतरचे आकडेही लिहा. एकाच नावाच्या ओव्हनमध्ये मधल्या काळात वेगळा सेन्सर वापरलेला असू शकतो आणि तो फरक त्या शेपटातच असतो.

५. वीज तोडा आणि तुटली याची खात्री करा

प्लग असेल तर तो काढून तुमच्या नजरेसमोर ठेवा. ओव्हन थेट वायरीने जोडलेला असेल तर त्याचा एमसीबी पाडा आणि घरातल्यांना सांगून ठेवा. फक्त भिंतीवरच्या स्विचवर भरवसा ठेवू नका. वायरिंग उलटं झालेलं असेल तर तो न्यूट्रल तोडतो आणि ओव्हनच्या आत फेज तसाच जिवंत राहतो. याच कारणाने पडदा विझला म्हणजे वीज गेली, हा समजही धोक्याचा. थेट जोडलेल्या ओव्हनमध्ये मागची पट्टी उघडल्यावर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून जोडणीच्या टोकांवर शून्य आहे हे बघा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही वेळा. त्याआधी मीटर चालू असलेल्या एखाद्या सॉकेटवर लावून तो स्वतः ठीक आहे ना, हे तपासा.

ओव्हन थंड असू द्या. रोध मोजताना तर तो खोलीच्या तापमानाला यायलाच हवा, नाहीतर आकडा कशाशी ताडून बघणार?

६. सेन्सर बाहेर ओढा

बऱ्याच ओव्हनमध्ये सेन्सर आतूनच निघतो. जाळ्या काढा, पट्टीचे स्क्रू सोडवा आणि नळी हळूच पुढे ओढा. मागोमाग दहा-पंधरा सेंटिमीटर वायर येते आणि मग कनेक्टर भोकातून बाहेर येतो. येत नसेल तर जोर लावू नका. काही ओव्हनमध्ये कनेक्टर मागच्या बाजूला असतो आणि मागचा पत्रा काढल्याशिवाय तो मिळत नाही. भिंतीत बसवलेला ओव्हन त्यासाठी बाहेर सरकवावा लागतो. हे दोघांचं काम आहे. ओव्हन जड असतो आणि दरवाजामुळे त्याचा तोल पुढे जातो.

आता यातला सर्वांत चिडवणारा सापळा. कनेक्टर सुटा करताच ओव्हनकडची वायर भोकातून मागे सरकते आणि लोकरीत गडप होते. मग तिच्यासाठी अख्खा मागचा पत्रा काढावा लागतो. म्हणून सुटा करण्याआधी त्या वायरीला चिमटा लावा किंवा दोरा बांधून त्याचं दुसरं टोक जाळीच्या खोबणीला अडकवा.

कनेक्टर वायरींना धरून ओढू नका. त्याला बहुधा एक छोटी जीभ असते. ती दाबली की तो निघतो. उष्णतेने ठिसूळ झालेलं प्लास्टिक इथेच तुटतं.

७. रोध मोजा

आधी मीटर ओहमच्या रेंजवर ठेवा आणि त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवा. मीटर जो अर्धा-पाऊण ओहम दाखवेल तो टोकांच्या वायरींचा स्वतःचा. तो वजा धरा. मग सेन्सरच्या कनेक्टरमधल्या दोन पिनांवर एक-एक टोक लावा. धातूला बोटं लावू नका. तुमच्या शरीराचा रोध समांतर जोडला जातो आणि वाचन दहाएक ओहमांनी खाली येऊ शकतं, म्हणजे दोन-तीन अंशांची चूक फुकटची.

पीटी-१००० चांगला असेल तर आकडे असे यायला हवेत:

० अंश: १,००० ओहम
२० अंश: १,०७८ ओहम
२५ अंश: १,०९७ ओहम
३० अंश: १,११७ ओहम
१०० अंश: १,३८५ ओहम
१५० अंश: १,५७३ ओहम
२०० अंश: १,७५९ ओहम
२५० अंश: १,९४१ ओहम

२० अंशांच्या खोलीत मीटर ५३९च्या आसपास दाखवत असेल तर घाबरू नका, तुमचा सेन्सर पीटी-५०० आहे. हजारो ओहम दिसत असतील आणि नळी मुठीत धरताच आकडा झरझर उतरत असेल तर एनटीसी. दोन-चार ओहमच दिसत असतील तर एक तर शॉर्ट, नाहीतर थर्मोकपल. मॉडेलची माहिती बघितल्याशिवाय इथे निकाल देता येत नाही.

साध्या मीटरची अचूकता एक टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे ११ ओहमांपर्यंतचा फरक मीटरचाच असू शकतो. त्यामुळे १,०९७ऐवजी १,१०४ आलं म्हणून सेन्सर टाकून देऊ नका.

शंका राहिलीच तर दोन बिंदूंची तपासणी करा. मला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण यात खोलीच्या तापमानाचा अंदाज बांधावा लागत नाही. ग्लासभर बर्फाचा चुरा घेऊन त्यात थोडंच पाणी घाला, ढवळा आणि नळीचं फक्त टोक त्यात बुडवा. वायर जिथून नळीत शिरते तो भाग कोरडाच राहायला हवा. दोन-तीन मिनिटांनी वाचन घ्या. मग खळखळ उकळणाऱ्या पाण्यात तसंच. पहिल्या वेळी १,०००, दुसऱ्या वेळी १,३८५. उंचावरच्या ठिकाणी पाणी लवकर उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी, म्हणजे चारेक ओहम कमी धरा. दोन्ही आकडे सारखेच आठ-दहा ओहमांनी चढे असतील तर चूक मीटरची किंवा वायरींची आहे. एक बरोबर आणि दुसरा भलताच असेल तर सेन्सर गेला.

तापल्यावरच येणाऱ्या कोडासाठी मीटर जोडलेलं ठेवून नळीच्या टोकावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. आकडा सरसर पण सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, क्षणभर अनंत दाखवून परत आला, तर चीर नळीच्या आत आहे. त्याच वेळी वायर हळूच हलवून बघा. हलवताना आकडा नाचत असेल तर दोष वायर नळीला मिळते तिथे आहे.

शेवटचं मोजमाप नळीच्या धातूशी: मीटर सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवा, एक टोक कोणत्याही पिनेवर, दुसरं नळीच्या स्टीलवर. वाचन अनंत असायला हवं. काही किलोओहमही दिसले तर आतलं आवरण फुटलंय किंवा ओलावा शिरलाय. ओव्हन नुकताच भरपूर ओल्या कापडाने किंवा फवाऱ्याने साफ केला असेल तर सेन्सर एक दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून पुन्हा मोजा. तरीही तसंच असेल तर बदला.

८. सेन्सर ठीक निघाला तर: वायर, कनेक्टर, बोर्ड

सेन्सर बरोबर आणि तक्रार तरीही कायम, असं बऱ्याचदा होतं. आता कनेक्टरच्या पिना टॉर्चमध्ये नीट बघा. हिरवट-काळपट थर, पिवळटलेलं प्लास्टिक, ढिली झालेली पिन यांपैकी काहीही दिसलं तरी तो संशयित. पिना इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, ढिली पिन बारीक पकडीने किंचित आवळा, कनेक्टर चार-पाच वेळा काढून-घालून बघा. सेन्सर परत जोडा आणि आता बोर्डाच्या टोकाला, म्हणजे बोर्डातून तो प्लग काढून, वायरीकडच्या पिनांवर रोध मोजा. सेन्सरवर १,०९७ आणि इथे १,१४० आला, तर मधले ४३ ओहम वाटेत कुठेतरी आहेत. ओव्हन थंड का राहतो त्याचं उत्तर मिळालं.

बोर्डावर वीज चालू असताना काहीही मोजू नका. अनेक ओव्हनमध्ये बोर्डाचा कमी व्होल्टेजचा भागही मेनपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे 'पाच व्होल्टच आहेत' हा हिशोब तिथे चालत नाही.

वायर दुरुस्त करायची असेल तर काच-तंतूचं किंवा सिलिकॉनचं आवरण असलेली, उष्णतेसाठीची वायरच घ्या. जोड दाबून बसवायच्या उष्णतारोधक लगने किंवा चिनीमातीच्या कनेक्टरने करा. साधी प्लास्टिकची टेप तिथे वितळून चिकट लगदा होतो. सोल्डरही नको: शिसं-कथिलाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं.

बोर्डच बिघडलाय का, हे बघायची कारागिरांची एक युक्ती आहे. वीज बंद असताना सेन्सरऐवजी १.१ किलोओहमचा साधा रेझिस्टर जोडतात. पीटी-१०००च्या बोर्डाला हे पंचवीस-सव्वीस अंशांसारखं दिसतं. पत्रे परत लावून वीज चालू केल्यावर कोड गेला असेल तर बोर्ड शाबूत, राहिला तर बोर्डावर संशय. मात्र ही फक्त पडद्याकडे बघण्याची तपासणी आहे. या अवस्थेत ओव्हन तापवायला लावू नका. रेझिस्टरचा आकडा कधीच वाढणार नाही, बोर्डाला ओव्हन कायम थंडच वाटेल आणि तो हीटर बंद करणारच नाही.

९. नवा सेन्सर निवडणं

दिसायला सारखा म्हणून कुठलाही उचलू नका. चार गोष्टी जुळायला हव्यात: प्रकार (पीटी-१०००, पीटी-५०० की एनटीसी), नळीची लांबी, पट्टीवरची भोकं आणि कनेक्टर. यातला प्रकार चुकला तर गंमतच होते. पीटी-५००साठी बनलेल्या बोर्डाला पीटी-१००० जोडलात तर थंडगार ओव्हन त्याला ३०० अंशांहून जास्त तापलेला दिसतो. उलट केलंत तर शून्याखाली कुठेतरी. दोन्ही वेळा नवा सेन्सर 'खराब निघाला' म्हणून परत पाठवला जातो.

पायरोलिटिक म्हणजे अतिउष्णतेने स्वतःची सफाई करणारा ओव्हन असेल तर त्यासाठीचाच सेन्सर घ्या. त्या सफाईत आतलं तापमान ५०० अंशांच्या जवळ जातं. साध्या ओव्हनसाठीचा सेन्सर तिथे टिकेलच असं नाही. जुने सेन्सर आणि कनेक्टर या सफाईच्या वेळीच जास्त मान टाकतात, हेही लक्षात असू द्या.

नवा हातात आला की बसवण्याआधी मोजा. नवा म्हणजे चांगला, असं गृहीत धरू नका.

१०. बसवा

कनेक्टर टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. वायर भोकातून आत ढकलताना ती पत्र्याच्या धारेवर घासत नाही ना, हीटरच्या टोकांना टेकत नाही ना, हे बघा. कनेक्टर लोकरीच्या पलीकडे, थंड बाजूला गेला पाहिजे. लोकरीच्या अलीकडे आतल्या भिंतीला चिकटून राहिला तर काही महिन्यांत तोही करपतो. लोकर पहिल्यासारखी भोकाभोवती बसवा. स्क्रू हाताने घट्ट होतील इतकेच. पत्र्यावरचं इनॅमल जास्त आवळलं की तडकतं. नळी सरळ, हवेत मोकळी.

११. चाचणी आणि तापमानाची दुरुस्ती

सेटिंगमध्ये तापमानाची जुनी दुरुस्ती घातलेली असेल तर ती आधी शून्यावर आणा. जुन्या सेन्सरची चूक झाकायला घातलेले ते अंश नव्या सेन्सरवर उलटे पडतात.

ओव्हन रिकामा ठेवून, खिडकी उघडून, २०० अंशांवर अर्धा तास चालवा. नव्या भागावरचं तेल जळून थोडा वास येणं ठीक. प्लास्टिक जळाल्यासारखा उग्र वास आला तर लगेच बंद करा, वायर कुठेतरी टेकलीय. नंतर तिसऱ्या पायरीतली सरासरी १५० आणि २०० अशा दोन तापमानांना पुन्हा काढा. दोन्हीकडे फरक सारखाच आणि १०-१५ अंशांच्या आत असेल तर सेटिंगमधून तेवढी दुरुस्ती घाला. फरक तापमानाबरोबर वाढत असेल तर दुरुस्ती घालून उपयोग नाही. सेन्सरचा प्रकार आणि वायरीतला रोध पुन्हा तपासा.

१२. कारागिराला कधी बोलवायचं

बोर्डावर जळकी खूण किंवा फुगलेला कपॅसिटर दिसला, एमसीबी वारंवार पडतोय, हीटर बंद होत नाही, गॅसचा वास येतोय: यापैकी काहीही असेल तर इथेच थांबा. ओव्हन अजिबातच तापत नसेल आणि मागचा सुरक्षा-कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) उघडलेला, म्हणजे वीज तोडलेल्या अवस्थेत सापडला, तर तो वायरीने जोडून पुढे जाऊ नका. ओव्हन एकदा मर्यादेबाहेर तापला म्हणूनच तो उघडतो, आणि ते का झालं हे अजून कळलेलं नाही.

कारागिराला फोन करताना नुसतं 'ओव्हन बिघडलाय' म्हणू नका. पूर्ण मॉडेल क्रमांक, कोड आणि तो किती अंशांना येतो, खोलीचं तापमान, सेन्सरवरचा रोध, बोर्डाच्या टोकाचा रोध आणि नळीशी घेतलेलं वाचन, हे सगळं कागदावरून वाचून दाखवा. योग्य सुटा भाग तो पहिल्याच फेरीत सोबत घेऊन येईल.